आंदणातलं मशीन

दारात उभ्या असलेल्या गजेंद्रला पाहून योगिनीला वाटलं, बिचारा पत्ता चुकला! मोताळ्यातल्या या घरी आता कोण कशाला येईल?

"मॅडम, वॉशिंग मशीन तुमच्याच नावावर हाये ना? मी सर्व्हिस सेंटरचा. चार वर्षांमागं विकलेल्या साऱ्या मशीन कंपनीनं तपासाले सांगतल्या. वायर तापते, आग लागू शकते. फुकटात बदलून देतो."

"आमची नाही तापत."

"काऊन?"

तिनं बैठकीतल्या खोक्याकडे बोट दाखवलं. चार वर्षं त्याची चिकटपट्टीही निघाली नव्हती. आईनं हौसेनं आंदणासाठी मशीन घेतलं, आणि हळदीच्या आदल्या दिवशी मुलाकडचे फिरले. वर्षभरात आईही गेली. मग उरलं काय, तर शाळेतली नोकरी, हे घर आणि खोक्यावर अंथरलेली चादर.

गजेंद्रनं चादरीची नीट घडी घालून तिच्या हातात दिली... आणि तिला एकदम रडू आलं.

वायर यायला आठवडा लागला. तेवढ्या दिवसांत त्याचे चार फोन आले. वायरीबद्दल एकातही फारसं नव्हतं!

शेवटी वायर बसली.

"आता कपडे टाकून चालवून दाखवा लागते. आना."

तिनं दोन कुर्ते अन् एक ओढणी आणली.

"एवढेच?"

"एकटीचे एवढेच होतेत."

"अर्धं तरी भरलं पाहिजे, मॅडम." तो स्क्रूड्रायव्हर उगाच पुसत राहिला. कान लाल झाले होते. "रविवारी... माहे कपडे घेऊन येऊ काय?"

"माह्या घरी कपडे धुवाले येता?"

"कपड्याचं निमित्त हो. खरं सांगू — तुमच्यासाठी येतो."

योगिनीला हसूही आलं, धडकीही भरली.

"लोक पाहतीन ना."

"मंग मागं वाळू घालू. कोनालेच दिसनार नाही."

तिनं उघड्या दारातून पाहिलं. समोरच्या ओट्यावर शेजारच्या तानुबाई मान उंचावून बसल्याच होत्या. गावाच्या बोलण्याला भिऊन योगिनी स्वतःचेही कपडे घरातच वाळवायची. भीती आजही वाटत होती. पण हा माणूस परत यावा, असं त्याहून जास्त वाटत होतं.

"मागं नको," ती तानुबाईंना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाली. "अंगणात चांगलं ऊन येते. तिथंच दोरी बांधू."