हरण्याचा खांब

मांजरी गावातला आमचा बैलगाडा शर्यतींचा घाट आता सोसायट्यांच्या मधोमध आलाय. गाडे सुटतात तिथं बैल बांधायचा बाभळीच्या खांबांचा कठडा आहे, आजेसासऱ्यांच्याही आधीचा. कोपऱ्यातल्या खांबाखाली हरण्या बैल पुरलेला. शर्यत जिंकून आला, त्या खांबाला बांधला आणि उभ्याउभ्या गेला, म्हणे. तेव्हापासून यात्रेची पहिली भाकरी हरण्याला, आणि त्या खांबाला कुणी बैल बांधायचा नाही.

शर्यतींवरची बंदी उठली त्या साली आम्ही आमचा राज्या उतरवला. त्याची आई त्याला जन्म देतानाच गेली, बाटलीनं दूध पाजून वाढवलेला मी. माझ्या हातची भाकरी खाल्ल्याशिवाय वैरणीला तोंड लावायचा नाही. मी लांबून दिसले की दावणीच्या खुंट्यावर शिंग घासायचा, खस्... खस्... नुसता लाडोबा.

यात्रेच्या सकाळी भाकरी घेऊन घाटात पोचले, तर ह्यांनी राज्याला नेमकं कोपऱ्यातल्या खांबाला बांधलेलं. माझं डोकंच फिरलं. मागून सासूबाई आल्या, त्यांनी बघितलं आणि त्या कासरा सोडायला धावल्या.

"अगं, गर्दीत जागाच न्हाई," हे म्हणाले. "घटकाभर बांधला तर काय बिघडलं?"

ह्यांच्या अकलेचे वाभाडे काढायला वेळ नव्हता, गाडा जुंपायची हाळी आली होती. राज्या असा पळाला की लोकांनी ह्यांना खांद्यावर घेतलं. मी भाकरी पुढं केली. त्यानं हुंगली आणि तोंड फिरवलं.

दमला असेल, म्हटलं. दुसऱ्या दिवशीही तेच. हाका मारून घसा बसला, कान हलवेल तर शपथ. सासूबाई गोठ्याच्या दारात उभ्या होत्या. हळूच म्हणाल्या, "हरण्या..."

बैलानं झटकन मान वर केली.

मला रडू आवरेना. भाकरी पदराखाली घेतली आणि तडक घाटात गेले. दिवस कलला होता. मांडव उतरवून नेलेला, घाटात कुत्रंसुद्धा नव्हतं. कोपऱ्यातल्या खांबाला आमचा कासरा तसाच लोंबत राहिलेला. मी लांबूनच हाक मारली, "राज्या..."

कासरा ताणला गेला. खस्... खस्... खांबाच्या बुडाशी ताजा भुसा पडत होता.

आता रोजची पहिली भाकरी मी तिथं नेते. परवा रस्तावाले कठड्यावर चुन्याच्या खुणा करून गेले. खांब उपटायच्या आत राज्याला घरी आणायचंय मला. कसं आणायचं, ते सासूबाईंनाही ठाऊक नाही.