दवाखान्याची पिशवी

टॉवेल ठेवायचा राहिला म्हणून भावजयीने अक्काची पिशवी उघडली, आणि पिशवीच्या तोंडात हात घालून ती तशीच उभी राहिली...

दुसऱ्या दिवशी अक्काला दाखल व्हायचं होतं. हृदयाची एक झडप निकामी झाली होती, ती बदलायची होती. आणि पिशवीत काय होतं? थर्मास. हवा भरून मानेखाली घ्यायची उशी. शब्दकोड्यांचं पुस्तक, पातळशी शाल, फोनचा चार्जर आणि पित्ताच्या गोळ्या. या गोळ्या भावजयीच्या नवऱ्याच्या, म्हणजे अक्काच्या धाकट्या भावाच्या. अक्काचं स्वतःचं म्हणावं असं त्यात काहीच नव्हतं. गाऊन नाही, कंगवा नाही, चष्म्याचं घरसुद्धा नाही.

"अक्का, ही पिशवी कुणाची?"

"दवाखान्याची," अक्का शिलाई मशीनवरून मान वर न करता म्हणाली. गिऱ्हाइकाचे पडदे आज द्यायचे होते. "सोबतीला बसणाऱ्याचे हाल होतात गं. मला ठाऊक नाही का?"

तिला ठाऊक नसणार तर कुणाला! आईचं आजारपण, आत्याचा मोडलेला पाय, भावजयीची दोन्ही बाळंतपणं... घरात कुणी अंथरूण धरलं की अक्का मशीनवर चादर टाकून निघायची. स्ट्रेचर आत जाताना प्रत्येकाच्या कानाशी वाकून म्हणायची, "मी बाहेरच आहे." उभ्या आयुष्यात दवाखाना तिने स्टुलावरूनच पाहिला होता, खाटेवरून तो कसा दिसतो, हा विचारच तिच्या मनाला कधी शिवला नव्हता.

हॉस्पिटल निवडलंस कसं, असं भावजयीने विचारलं, तेव्हा अक्काने मोठ्या हौसेने सगळं सांगितलं. नेहमीच्या डॉक्टरांनी शहराच्या दुसऱ्या टोकाचं सुचवलं होतं, तिथेही ती जाऊन आली होती. पण तिथे सोबतीच्या माणसाला आत थांबू देत नाहीत, बाहेर बाक एकच, तोही पंख्यापासून लांब. त्यापेक्षा हे घराजवळचं बरं. बाकांना पाठ आहे, बस दारात थांबते आणि चहा चांगला वाफाळता मिळतो. एक कप तिने पिऊनही पाहिला होता.

"आणि ऑपरेशन कोण करणार?"

"आहेत एक. उंच आहेत."

"अशी ऑपरेशनं तिथे नेहमी होतात ना?"

मशीन थांबलं. ते मात्र अक्काने विचारलंच नव्हतं.

भाऊ घरात शिरला तो नेमका त्याच वेळी. बाबा गेल्यापासून तो अक्काशी वागायचा ते बँकेतल्या खिडकीपलीकडच्या बाईशी वागावं तसं; सभ्यपणे आणि कामापुरतं. दुखणं कळल्यावरही, तू म्हणशील तिथे जाऊ, एवढंच म्हणून मोकळा झाला होता. बायकोने त्याला हलक्या आवाजात सगळं सांगितलं. त्याचा चेहरा उतरला, मग कठोर झाला.

"पुन्हा तेच, अक्का? बाबांच्या वेळीही तू जवळचंच बघितलं होतंस."

इतकी वर्षं जे या घरात उंबऱ्याआड उभं होतं, ते आज आत आलं... अक्काने पडद्याची घडी घातली. ती मोडून पुन्हा घातली. नेहमीसारखी ती गप्प बसेल असंच दोघांना वाटलं. पण छातीत सतत फडफडणाऱ्या त्या भीतीने तिचं मौन आतून झिजवून टाकलं होतं.

"जवळचं बघितलं ते तुझ्यासाठी रे," ती म्हणाली. "तुझी शेवटची परीक्षा होती. मोठं हॉस्पिटल परगावी. तू पेपर टाकून तिथे येऊन बसला असतास. बाबांनी माझा हात धरून सांगितलं, पोराला यातलं काही कळू देऊ नकोस."

"मग नंतर तरी सांगायचंस! मी तुला काय काय बोललो..."

"काय सांगणार होते? तुझ्या परीक्षेपायी बाबा गेले, असं? मोठ्या ठिकाणी ते वाचले असते का, मला आजही माहीत नाही. ते ओझं दोघांनी कशाला वाहायचं?"

भाऊ खुर्चीवर बसला. मग त्याने पिशवी ओढली आणि एकेक वस्तू टेबलावर काढू लागला. पित्ताच्या गोळ्या हाती लागल्या तेव्हा मात्र त्याचा हात थांबला, आणि त्या वयाने पोक्त, केस पिकू लागलेल्या माणसाचं अंतःकरण लहान मुलासारखं उमाळून आलं.

"आता तुझे कपडे भर," त्याने डोळे पुसत बायकोला नव्हे, अक्काला सांगितलं. "लांबच्या हॉस्पिटलात जायचंय."

"अरे, पण तिथे बसायला..."

"अक्का, तू आजारी आहेस. थोडे दिवस फक्त आजारी राहा."

लांबच्या हॉस्पिटलातल्या सर्जन बाई ठेंगण्या होत्या. भाऊ विचारत गेला, त्या न कंटाळता सांगत गेल्या. अशी ऑपरेशनं त्यांच्याकडे नेहमीची होती. नंतर आयसीयूत हृदयाचा डॉक्टर चोवीस तास हजर असे. मग त्यांनी अक्काची पुन्हा तपासणी केली, पडद्यावरचं चित्र पाहत राहिल्या आणि म्हणाल्या की दुसरी झडपही गळते आहे. दोन्ही एकाच वेळी करावं लागेल. छोट्या ठिकाणी छाती उघडल्यावर हे कळलं असतं तर? भावाने विचारलं. त्यांनी फक्त ऑपरेशनची तारीख लिहून दिली.

ऑपरेशनच्या सकाळी अक्काचा चष्मा भावाच्या खिशात होता. धूसर दिव्यांखालून स्ट्रेचर निघालं. अक्का छताकडे बघत होती. इथून छत दिसतं, हे तिला आजच कळत होतं. दाराशी तिने चाचपडत त्याची बाही धरली.

"मला भीती वाटते रे," ती म्हणाली. हे वाक्य तिच्या तोंडून घरातल्या कुणीच आजवर ऐकलं नव्हतं.

भाऊ तिच्या कानाशी वाकला. "मी बाहेरच आहे, अक्का."

दार मिटलं. दुपार सरली, ऊन भिंतीवरून खाली उतरलं, आतून कुणीच येईना... तो एकमेव बाक भरलेला होता. भाऊ उभाच राहिला. भावजयीने आणलेला चहा हातातच निवला. प्रत्येक वेळी दार हललं की दोघंही दोन पावलं पुढे व्हायची.

सर्जन बाई बाहेर आल्या तेव्हा मास्क हनुवटीवर होता आणि त्या थकून हसत होत्या.

दुसऱ्या दिवशी सिस्टरने भावाला क्षणभर आत सोडलं. नळ्यांच्या गुंत्यात अक्काचे ओठ हलत होते. ती काय विचारणार, हे त्याला पाठ होतं.

"बसायला मिळालं, अक्का. चहाही घेतला, अगदी गरम," तो घाईघाईने खोटं बोलला.

अक्काने क्षीणपणे मान हलवली.

"ते नाही रे..." ती म्हणाली. "मला तहान लागलीय."