कानयंत्राचा सेल आणि चढता भाव

एकाच विक्रीयंत्रातला एकच सेल; मग पुढच्या काकांना तो वीस रुपयांना आणि कस्तुरीला पन्नासला कसा? सांगलीच्या नव्या बाजारातलं हे यंत्र बिघडलं असावं, असं वाटून ती रांगेत पुन्हा उभी राहिली. भाव साठ झाला! तिच्याजवळ होते तीस. कानयंत्रातला सेल संपत आला होता आणि दुपारी शाळेत तिचं गाणं होतं. तबलाच ऐकू आला नाही, तर गाणार कशी?

तिने बाजारातच असलेल्या वसुधाआत्याला गाठलं. आत्या सरकारच्या भावमापन खात्यात निरीक्षक होती. पूर्वी ती खोटी वजनं पकडायची, आता खोटे भाव.

"आत्या, यंत्र बिघडलंय ना?"

"नाही गं. बिघडलं असतं तर चुकून कधी स्वस्तही दिलं असतं."

आत्याचा यंत्रमानव तोलाजी बनावट गिऱ्हाईक झाला. आधी त्याने आपल्या कानयंत्रातला सेल भरलेला असल्याचं भासवलं: वीस रुपये. मग बाकी सगळं तेच ठेवून फक्त सेल संपत आणला: पन्नास. एका वेळी एकच गोष्ट बदलली की चोर सापडतो, असं आत्या म्हणाली.

कानयंत्र आपली स्थिती मोबाइलला कळवतं. तिथलं ॲप ती विदा (साठवलेली माहिती) विकतं आणि विक्रीयंत्राचा अल्गोरिदम (निर्णयाच्या ठरलेल्या पायऱ्या) त्यावरून नड हेरतो. परत फिरून आलेलं गिऱ्हाईक तर त्याला आणखीच नडलेलं वाटतं.

मग विद्यार्थ्यांना सवलत देणंही चूक का, असं कस्तुरीने विचारलं. आत्याला भाचीचं कौतुक वाटलं. ती सवलत पाटीवर सगळ्यांना दिसते, म्हणून ती चालते, असं तिने समजावलं.

"गरजवंताला अक्कल नसते म्हणतात," आत्या म्हणाली, "म्हणून कायद्याला ठेवावी लागते. भाव मालाचा लावा, पाळत ठेवून माणसाच्या अडचणीचा नको."

तेवढ्यात कानयंत्र बंद पडलं. पुढचं कस्तुरीने नुसतं पाहिलं. विक्रीयंत्राच्या पडद्यावर त्याच्या कंपनीचा साहेब आत्याकडे बघून हातवारे करत होता. आत्याचा चेहरा शांत होता. तिने सरकारी किल्ली फिरवली आणि यंत्रावर सगळ्यांसाठी एकच भाव झळकला. मोठेपणी हेच काम करायचं, हे कस्तुरीने तिथेच ठरवून टाकलं.

तिने स्वतःच्या पैशांनी सेल घेतला, कानयंत्रात बसवला. मागे एक आजी आपलं बंद पडलेलं कानयंत्र मुठीत धरून उभ्या होत्या. यंत्र त्यांना सांगत होतं, "वीस रुपये."

आजींना ते ऐकू आलं नाही. कस्तुरीने त्यांना बोटांनी दाखवलं.