लाल दोऱ्याची किल्ली

बसा तात्या. ती वात जरा वर करा. माझ्या घराला कुलूप का न्हाई म्हनून सगळा गाव इचारतो, आन म्या शिव्या घालून लावून देतो. आज तुमी इचारलं. सांगतो. मधी बोलायचं न्हाई.

म्या बुधाजीला चुना आनायला धाडला. एवढंच काम व्हतं.

छप्पन साल, जानेवारीचा महिना. लालबागला आमच्या गावची खोली व्हती. चाळीचा दुसरा माळा, बारा मानसं, एक दार, आन पाठच्या भितीला गजांची एक खिडकी. सहा जन दिवसपाळीचे, सहा रातपाळीचे. एकाची वळकटी गुंडाळली की दुसऱ्याची त्याच जागी पसरायची. म्या रातपाळीला, दिवसा झोपायचो. एकदा असाच मेल्यागत झोपलेलो, आन कुनीतरी माझं नवं घोंगडं उचलून नेलं. त्या दिवशी म्या खोलीत तमाशा केला. म्हनलो, आजपासनं जो शेवटी भाईर पडंल त्यानं, आत कुनी झोपलेलं असलं तरी, भाईरनं कुलूप घालायचं आन किल्ली खिशात ठेवायची. ज्यो घालनार न्हाई त्याचं थोबाड फोडीन. कायदा माझाच, हे ध्यानात ठेवा.

शेवटी भाईर पडायचा तो बुधाजी, म्हनून किल्ली त्याच्याकडंच असायची. बुधाजी आमच्याच वाडीचा, माझ्याच वयाचा. बंडीच्या उजव्या खिशात त्याचा सगळा संसार. फनी, काडेपेटी, रुमाल, गिरनीचा पितळी बिल्ला, चुन्याची डबी आन लाल दोऱ्याची ती किल्ली. चालला की किल्ली डबीवर आपटायची. टिक, टिक. माझी झोप मोडायची.

"आरं, त्यापरीस गळ्यात घुंगरं बांध," म्या म्हनायचो.

"बांधतो की. तू नाचशील का?" तो म्हनायचा.

त्या दिवशी मुंबै महाराष्ट्राला पायजे म्हनून हरताळ. गिरन्या बंद. बाकीचे कोन गावी, कोन मोर्च्याला. खोलीत आमी दोघंच. दुपारचं जेवलो, तंबाखू हातावर घेतली, माझी डबी उघडली तर चुना न्हाई. कोरडी खडखडीत.

"बुध्या, माझा चुना तू खाल्लास."

"तुझा चुना खायाला माझी जीभ काय चामड्याची हाय? घे माझ्यातला."

त्याचीबी डबी रिकामी. तो हसला. माझं टाळकं सनकलं.

"जा. कोपऱ्यावरनं आन."

"शितू, भाईर दगडं पडायला लागल्यात. सांच्याला आनतो."

"भ्यालास व्हय? बांगड्या भर मग. मोर्च्याला जायाचं तर न्हाईच, कोपऱ्यावर जायाला बी फाटती तुझी."

तो उठला. मग बंडी चढवली. "झोप तू," म्हनला, "डोकं फिरलंय तुझं." भाईर पडला, दार वढलं आन कुलूप घातलं. म्या आत जागा, तो पाच मिन्टात येनार, कुलपाचं काय काम? पन हाताला सवय लागली की हात डोक्याला इचारत न्हाई. टिक, टिक करत आवाज जिन्यानं उतरून गेला. म्या आडवा झालो.

जाग आली ती आवाजानं. पयलं वाटलं फटाके. मग खालनं मानसं वरडत पळाली, आन खिडकीतनं असला धूर आला की डोळ्यात मिरची घातल्यागत झालं. दाराकडं गेलो, वढलं. कुलूप. लाथा घातल्या. सागवानी दार, काय हालतंय. शेजारी कमळाबाई, खानावळवाली. भितीवर बुक्क्या मारल्या.

"कमळाबाई! कुलूप फोडा माझं!"

"कशानं फोडू, लाटन्यानं?" भितीच्या पल्याडनं ती कुजबुजली. "वरडू नगा भावजी. संचारबंदी लागलीय. ग्यालरीत मानूस दिसला तरी गोळी घालत्यात."

"बुधाजी आला का?"

"न्हाई बा."

माझ्या खिशात शिंगाच्या मुठीचा चाकू असायचा, सुपारी फोडायला. तो बिजागरीत घालून वाकवला. टोक मोडलं, बिजागरी तशीच. माठात तांब्याभर पानी व्हतं ते पिऊन टाकलं. मग काय उरलं न्हाई. बसलो. खिडकीतला उजेड भितीवरनं वर सरकत गेला. तात्या, बारा मानसात राहायचो तवा ती खोली केवढी मोठी वाटायची. त्या दिवशी एकटा व्हतो, तर भिती अंगाला लागत व्हत्या.

दिवस बुडायला आला. लालबाग कधी गप नसतं. त्या सांजला गप. भोंगा न्हाई, ट्राम न्हाई, पोर रडत न्हाई. नुसता जळक्या रबराचा वास. आन मग जिन्यावर पावलं वाजली. बुधाजी डावी चप्पल फरफटत चालायचा, तीच चाल. फरक एवढाच, खिसा वाजत नव्हता.

पावलं दारापाशी थांबली.

"बुध्या?"

"हां."

"कुठं मेला व्हतास?"

दाराला अंग टेकल्याचा आवाज झाला.

"उघड की!"

"किल्ली... गावंना."

"खिशात बघ, खिशात!"

कापडावर हात फिरल्याचा आवाज. लई वेळ. दाराखाली दोन बोटं फट व्हती, उंदरांसाठी आमी तिथं गोनपाट कोंबलेलं. ते गोनपाट हाललं, आन खालनं काय तरी आत सरकलं. चाचपून बघितलं. फनी.

"ही का?"

"डोळं फुटलं का तुझं? फनी हाय ती!"

परत कापडावर हात. काडेपेटी आली.

"ही का, शितू?"

"बुध्या, मस्करी करू नगस. आईची आन."

बिल्ला आला. "ही का?"

तवा माझा राग उतरला. मस्करी करनाऱ्याचा आवाज असा नसतो, तात्या. त्यानं फनी, बिल्ला कधी बघितलाच न्हाई, आन त्याला कुनीतरी किल्ली नावाची चीज हुडकायला सांगितलीय, असा तो आवाज. मग रुमाल आला. ओला, जड. वास आला, लोखंड चोळल्यावर हाताला येतो तसा.

त्याचीच काडेपेटी घेतली आन काडी वढली. रुमाल लाल व्हता. आन गोनपाटाच्या कडंला चार बोटं, आत आलेली. डाव्या हाताची. बुधाजी उजव्या हाताचा. खिसाबी उजवा.

"बुधा... उजवा हात कुठाय?"

"हाय."

"त्यानं बघ."

"मूठ... उघडंना."

काडी बोटाला भाजली, इझली. आन मला समजलं. धावताना त्यानं किल्ली आधीच खिशातनं काढली व्हती. म्या आत कोंडलोय म्हनून. दाराशी येऊन वेळ नगं जायला म्हनून.

दोन शबूद बोलायचे व्हते. 'मुठीत बघ.' एवढंच. दुपारपासनं दार उघडावं म्हनून लाथा घालत व्हतो, आन आता मनातनं म्हनत व्हतो, उघडू नगं. म्या टावेलाचा बोळा करून तोंडात कोंबला.

सगळ्यात शेवटी डबी आली. चुन्याची. झाकन उघडलं, बोट घातलं. काठोकाठ, ओला चुना.

"आनला... शितू."

म्या बोळा दातानं आवळला.

तो भाईर खिसा चाचपत ऱ्हायला. कवा थांबला ठावं न्हाई. म्या पाठच्या भितीला टेकून बसलेलो, डबी हातात धरून.

सकाळी दोन तास संचारबंदी उठली. कमळाबाईनं खालचा एक लोहार आनला, पहारीनं कुलूप उडवलं. ती आत डोकावली.

"बुधाजी कुठाय? काल सांजला आला की. त्याची पावलं वळखली म्या. म्हनलं, आला बाई सुखरूप."

गोळी लागलेली मानसं नेली व्हती त्या हास्पिटलात म्या गेलो. काल साडेतीनलाच गेला म्हनले. बंडीचे खिसे उलटे काढलेले, रिकामे. उजवी मूठ घट्ट, आन बोटांच्या सांदीतनं लाल दोरा लोंबत व्हता.

"दोघांनी जोर लावला, उघडंना," वार्डातला गडी म्हनला. "तुमी बघताय का?"

"न्हाई," म्या म्हनलो. "ऱ्हाऊ द्या."

तशीच जाळली.

गिरनी सोडली, गावी आलो. घराला कुलूप ठेवलं न्हाई, कडीबी काढून टाकली. म्हनलं, ज्याला यायचं त्यानं किल्लीबिगर यावं. वरीसभर काय न्हाई. मग एका सांजला दाराखालनं एक चष्मा आत सरकला, भिंगाला तडा गेलेला. भाईरनं तोच आवाज. "ही का?" मग कधी अडकित्ता. कधी विड्यांचं बंडल, पान्यानं फुगलेलं. कधी तुटक्या दातांची फनी. त्या टरंकंत हायत सगळ्या, बघायच्या तर बघा. त्याचा खिसा तर त्याच दिवशी रिकामा झाला. आता कुनाकुनाचे खिसे चाचपतोय, मला काय ठावं? म्या गप बसायचो. त्या सांजपासनं चार वर्सं गप बसलो.

माझा धाकला भाऊ, गंगाधर, दोन सालामागं मुंबैला गेला. लई अडवला, ऐकला न्हाई. एस्टीवर निघताना खिशातला चाकू काढून दिला त्याला.

"टोक मोडलंय की ह्याचं, दादा."

"असू दे. सुपारी फुटती."

परवा महाराष्ट्र झाला म्हनून गावात पेढे वाटले, तवा त्याचं कार्ड आलं. खुशाल हाय म्हनून. आज ह्यो बघा, इथं कंदिलाखाली. धरा हातात. सांजला दिवा लावत व्हतो तवा आत आला. शिंगाची मूठ. टोक मोडलेलं.

म्हनून तुमाला हाक मारली, तात्या. टपाल तुमच्याकडं येतं. तार न्हाई म्हनता? बरं.

चाकू आला तवा म्या जिमिनीवर पडलो, फटीला तोंड लावलं आन चार वर्सं गिळलेलं वरडलो. "बुधा, मुठीत बघ! तुझ्या उजव्या मुठीत हाय रं किल्ली!"

पल्याड कुनीतरी खिसा चाचपायचं थांबलं. मग आवाज आला. बुधाजी मला शितू म्हनायचा, तात्या. जलमभर शितूच.

ह्यो म्हनला, "दादा... ही का?"