चैत्रातलं धुरकं

आमच्या शाळेच्या गच्चीवर टिफिनएवढा एक पांढरा डबा बसवलाय. तो हवा मोजतो आणि आकडा मोबाईलवर पाठवतो. दिवाळीनंतर धनराज सरांनी विचारलं, रोजचा आकडा प्रार्थनेच्या वेळी माइकवर कोण वाचणार? सगळ्यांच्या माना खाली, माझा एकटीचा हात वर! त्याआधी मी हजेरीसुद्धा कुजबुजत द्यायची. आता माझा आवाज बस स्टॉपपर्यंत जातो, आणि गावात माझं करिश्मा हे नाव मागे पडून ‘हवावाली’ झालंय.

“काय व हवावाली, आज श्वास घ्याचा का नाई?” पानठेल्यावरून डोमाकाका ओरडतात.

“तुम्ही आधी बिडी विझवा, मग सांगते!”

आमचं गाव चंद्रपूर जिल्ह्यात, मूल शहराकडून मार्कंड्याला जाणाऱ्या रस्त्यावर, वैनगंगेच्या अलीकडे. गावाला लागून मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी, जुन्या जमीनदारांनी बांधलेला. या बाजूला पाळ, म्हणजे मातीचा बांध, आणि पाळीखाली आमचा ढिवरांचा टोला, मासे धरणाऱ्यांची वस्ती. पलीकडे काठ असा नाहीच. कमळं, मग गाळ, मग बेशरमाची झुडपं आणि सरळ जंगल. तिकडे डोंगा, म्हणजे आमची लाकडी होडी, कोणी नेत नाही, रुतून बसतो.

हिवाळ्यात धुकं पडलं की पाण्यावरच्या माणसाला पाळ दिसत नाही. म्हणून टोल्यातल्या प्रत्येक घरची बाई पाळीवर उभी राहून जर्मनची, म्हणजे अॅल्युमिनियमची थाळी चमच्याने वाजवते. प्रत्येक घराचा ठोका वेगळा. आमचा दोन, थांब, एक. बाबा तोच ठोका बांबूने डोंग्याच्या काठावर देतात आणि थाळीच्या रोखाने येतात. हाक मारायची नाही, कारण पाण्यावर हाक फिरते, कुठून आली कळत नाही. थाळी मात्र फसवत नाही, असं टोल्यात सगळेच म्हणतात.

पण हे हिवाळ्याचं. चैत्रात धुकं नसतं.

या वर्षी ते आलं. आधी पलीकडे, कमळांवर, कोणी चादर वाळत घातल्यासारखं. मला वाटलं, मोह वेचायला झाडाखालचा पाला जाळतात, त्याचा धूर असेल. पण धुराला वास असतो, डोळे चुरचुरतात. याला वासच नव्हता. बाबांच्या डोंग्यातून जवळ जाऊन पाहिलं, दव म्हणावं तर कमळाची पानं कोरडी. आत हात घातला तर बोटं दिसायची नाहीत, पण ओलं नाही, गार नाही, काहीच नाही.

मी सकाळ-संध्याकाळ आकडा बघायला लागले. धुरकं तलावाच्या मध्यापर्यंत आलं तेव्हा आकडा उतरला. हवेचा आकडा उतरणं म्हणजे हवा चांगली होणं. धुरकं आणखी सरकलं, आकडा आणखी उतरला. चंद्रपूरचा रिपोर्ट उघडून पाहिला, तिकडे नेहमीसारखाच होता. आमचाच खाली चालला होता.

“डबा बिघडला,” सर म्हणाले. त्यांनी मूलच्या एका मित्राकडून हातात धरायचं यंत्र आणलं. आम्ही दोघं पाळीवर गेलो, तोवर धुरकं तिला टेकलं होतं. यंत्र धुरक्यात धरलं की आकडा खाली, बाहेर काढलं की वर. सरांनी तीनचारदा तसं केलं. मग ते चष्मा पुसत राहिले.

मग रविवार आला. बाबा जाळं खांद्यावर टाकून निघाले आणि मी फोन घेऊन मागे.

“काय म्हणते तुही हवा?”

“चांगली म्हणते. पण बाबा, पलीकडचा पळससुद्धा दिसत नाही.”

“पळस पाहाले नाई चाललो, मासे धराले चाललो,” ते हसले. “हवा चांगली असन तं मासे बी खुशीत असन.”

त्या सकाळी धुरकं जरा मागे हटलं होतं, पाळीजवळचं पाणी मोकळं होतं. डोंगा कमळांच्या रोखाने गेला, बांबूचा चुबुक चुबुक आवाज येत राहिला. मी दगडावर बसून मैत्रिणीला मेसेज करत होते. मान वर केली तर पाणी नव्हतं. माझ्या पायापासून पुढे सगळं पांढरं.

बगळे गप्प झाले. दूर कोणी धुणं आपटत होतं, तो आवाजही थांबला.

मग आतून ठोका आला. दोन, थांब, एक. बाबा पाळ विचारत होते.

चैत्रात थाळी कोण घेऊन येतं? मी घराकडे धावले. पाळ उतरून गल्लीत वळले आणि मागे तलावावरून थाळी वाजली. दोन, थांब, एक. आमच्याच चमच्याचा चिरका आवाज. मला हायसं वाटलं. आई दुसऱ्या वाटेने पोचलीसुद्धा! मी चालायला लागले, दम लागला होता.

आई अंगणात मोहफुलं निवडत बसली होती. थाळी तिच्या मांडीवर होती.

तिनेही ऐकलं. हात फुलांत तसाच राहिला.

“आपल्या घरचं कोन वाजवून राह्यलं व?”

आईने फुलं जमिनीवर ओतली आणि आम्ही धावलो. पाळीवरून आईने जोरात ठोका दिला. पलीकडूनही आला. प्रतिध्वनी असेल, मी स्वतःला सांगितलं, आणि आईचा हात धरून थांबवला.

पलीकडचा ठोका थांबला नाही.

डोमाकाका धापा टाकत आले. “गोकुळाबाई, वाजवू नका! दोन्हीकून आइकन तं त्यानं कुठी याव?”

“अन मी नाई वाजवली तं तो तिकडंच जाईन ना!” आई ओरडली आणि थाळी अशी बडवायला लागली की तिला पोचा पडला.

आत बांबूचा आवाज जरा घोटाळला. इकडे आला. थांबला. मग लांब जायला लागला.

“बाबा!” मी ओरडले. पाण्यावर हाक मारायची नसते, तरी ओरडले. “बाबा, इकडे! मी इथे आहे!”

“बाबा, इकडे,” पलीकडून आलं. “मी इथे आहे.”

माझाच आवाज. पण घाबरलेला नाही. माइकवरचा, ठणठणीत.

“आलो व, आलो,” बाबा म्हणाले. किती खुशीत म्हणाले.

मग डोंगा काठाला लागल्याचा आवाज आला. कडक मातीवर लाकूड घासतं, तसा. जिथे काठ नाही, तिथे.

पलीकडची थाळी बंद झाली.

दुपारी धुरकं गेलं. डोंगा कमळांत तोंड खुपसून उभा होता. जाळं घडी घालून ठेवलेलं, टोपलीत मरळ जिवंत. लोकांनी तलाव चाळला, वनखात्याची माणसं वाघाचा माग शोधत फिरली. गाळ लिंपलेल्या भिंतीसारखा गुळगुळीत होता. कशाचंच पाऊल नव्हतं त्यावर, बाबांचंही नाही. पोलिसांनी मला विचारलं, तू शेवटचं काय ऐकलंस? मी सांगितलं. त्यांनी ते लिहून घेतलं नाही.

त्यानंतर धुरकं रोज येतं, आणि आता गल्लीपर्यंत. टोल्यातले बरेच लोक पाहुण्यांकडे गेले. डोमाकाका आम्हाला न्यायला आले होते. आई म्हणाली, “तो आला अन घर बंद दिसलं तं?” ते एकटेच परत गेले. आईशिवाय मी कुठे जाणार? मी दारं-खिडक्या लावते, फटींत ओढण्या कोंबते. थाळी मी विहिरीत टाकली. शाळेत जात नाही, आकडा मात्र बघते. बघितल्याशिवाय राहवत नाही.

सकाळी पलीकडून ठोके येतात. दोन थाळ्या आहेत आता. एक नीट वाजते. दुसरी जरा मागे पडते, अडखळते. बाबांनी जन्मात थाळी हातात धरली नव्हती, बायांचं काम म्हणायचे. शिकायला वेळ लागतो.

आज दुसरी थाळी एकदाही चुकली नाही.

आई माझ्या मागे बसून केस विंचरत होती. माझ्या हातात फोन होता. आकडा शून्यावर आला होता, आणि त्याखाली हिरव्या पट्टीत एक सूचना होती, रिपोर्टमध्ये असते तशी. ‘हवा उत्तम आहे. खिडक्या उघडा. बाहेर पडा.’

मी फोन पालथा केला. पण आई सातवी शिकलेली आहे, तिने माझ्या खांद्यावरून वाचलं होतं. तिने फणी माझ्या केसांत तशीच ठेवली, उठली आणि दाराची कडी काढली.