मानेच्या मधोमध

काठी हरवली ती फाटकवालीच्या भोचकपणामुळे. पण कुणी विचारलंच असतं, तर तिने खुशाल दोष वाऱ्यावर ढकलला असता!

दोन मोठ्या भूभागांना जोडणारी जमिनीची ती चिंचोळी पट्टी. पुस्तकात संयोगभूमी, लोकांच्या तोंडी नुसती ‘मान’. दोन्हीकडे समुद्र आणि मधे एका गाडीपुरता रस्ता. म्हणून दोन टोकांना दोन फाटकं, आणि दोघांत मिळून एक लाल काठी. काठी जिकडे, तिकडच्या गाड्या सुटायच्या. शेवटचा चालक काठी घेऊन जायचा, की पलीकडची पाळी. फाटक सोडून हलायची सोय नाही. त्यामुळे ती आणि पलीकडचा फाटकवाला दिवसभर फोनवर बोलायचे, पण एकमेकांचं तोंड पाहिलेलं नव्हतं.

पलीकडचा दिसतो कसा? ती येणाऱ्या चालकांना खोदून खोदून विचारायची. एक म्हणे उंच, दुसरा म्हणे बेताचाच. डबा घेऊन येणारी आई म्हणायची, आवाज गोड म्हणून माणूस गोड असतोच असं नाही. पण तिला घाई होती. शेजारी रुंद रस्ता होत आला होता. महिनाअखेरीस फाटकं निघणार, फोनही निघणार. मग तो त्याच्या बाजूला, ती तिच्या… आणि संपलंच.

त्या सकाळी पलीकडून काठी घेऊन आलेला दूधगाडीवाला रंगात आला. पलीकडचा हसला की त्याचे डोळे पार मिटतात, म्हणाला. ऐकता ऐकता ती अशी हरवली, की काठी गाडीतच राहिली आणि गाडी गेलीसुद्धा.

फोन वाजला. काठी पोचली का, त्याने विचारलं. “नाही,” एवढंच ती म्हणाली.

अशा वेळचा नियम ठरलेला होता. दोन्ही फाटकांना कुलूप लावायचं, दोघांनी आपापल्या टोकाकडून रस्ता मोकळा आहे ना हे बघत चालत यायचं आणि मधोमध भेटायचं. मग काठी सापडेपर्यंत दोघांतल्या एकाने काठी व्हायचं, म्हणजे शेवटच्या गाडीत बसून ये-जा करायची.

ती निघाली. चालत कसली, जवळजवळ पळतच. समोरून तो येत होता. वाऱ्याने सदरा फुगलेला, केस कपाळावर. जवळ आले आणि दोघंही थबकले.

“तुम्ही… उंच असाल असं वाटलं होतं,” ती म्हणाली, आणि जीभ चावली.

“फोनवर होतो की.”

तो हसला, आणि डोळे खरंच मिटले. तिला वारा आठवला, सगळी सबब आठवली. पण तोंडातून निघालं ते खरं तेच. “तुम्ही कसे दिसता ते विचारत होते. त्यात काठी राहिली.”

त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. तो म्हणाला, “मी तर दूधवाल्याला चहा पाजून विचारतो.”

दोन्हीकडून भोंग्यांचा गदारोळ चालला होता. काठी व्हायला तोच तयार झाला. दिवसभर तो या टोकाला उतरत राहिला, आणि दर वेळी ती काहीबाही विचारत राहिली.

संध्याकाळी दूधगाडीवाला काठी घेऊन परतला. तिला वाटलं, लपवावी. पण तिने ती मुकाट्याने फाटकवाल्याच्या हातात दिली. “आता इकडे यायचं कारण उरलं नाही तुम्हाला,” ती म्हणाली. त्याने काठी काखेत धरली. शेवटची गाडी त्याला घेऊन गेली.

आई डबा उचलायला आली, तोच फोन वाजला.

“पोचलो. ऐका ना… फाटकं निघाली की त्याच दिवशी येतो. तुम्हाला चालेल ना?”

“चालेल,” ती म्हणाली. “धावेल.”

आईचे कान टवकारलेले होतेच. किती दिवस राहणार म्हणे, आईने विचारलं. लेकीने ‘आई विचारतेय’ म्हणत तेच फोनवर विचारलं.

पलीकडून वाऱ्याबरोबर त्याचं हसू ऐकू आलं.

“त्यांना सांगा,” तो म्हणाला, “परत जायचं काही ठरवलेलं नाही.”