टेकडी घोरायची थांबली तेव्हा

"आज टेकडी घोरत नाहीये!" देजो गवताला कान लावून म्हणाला.

"बाबा उठले असतील," छोटी काती म्हणाली.

"तुझे बाबा? जेवून तासही झाला नाही आणि उठले? शक्यच नाही!"

द्राक्षतोडणीची सुट्टी लागली होती. हंगेरीतल्या त्या गावात तेव्हा शाळेला कुलूप लागायचं आणि सगळं गाव मळ्यांत असायचं. टेकडीच्या पोटात ओळीनं तळघरं खोदलेली होती. आत पिंपांमधून नवा द्राक्षरस फसफसत असायचा. कातीच्या बाबांच्या, म्हणजे अंबरूशमामांच्या घोरण्यानं पाहुण्यांची झोप उडाली, म्हणून रेगिनामामीनं त्यांची दुपारची झोपच तळघरात धाडली होती. मामा तिथं उंच पिंपांवर फळ्या टाकून पसरायचे आणि त्यांचं घोरणं टेकडीच्या डोक्यावरच्या झरोक्यातून बाहेर पडायचं. तळघरांच्या ओळीतली सगळी माणसं पोट धरून हसायची!

तेरा वर्षांची इबोया झरोक्याजवळ गेली आणि चमकली. "अरे, यात गोणपाट कोणी कोंबलंय?"

"बाबांनीच!" काती फुशारकीनं म्हणाली. "म्हणाले, आता बघू कोण हसतंय ते!"

इबोयानं गोणपाटाचं टोक पकडलं. रस फसफसतो तेव्हा त्यातून वायू निघतो. तो दिसत नाही, पण पाण्यासारखा जमिनीवर साचत जातो आणि त्यात सापडलेला माणूस दोन श्वासांत कोसळतो. म्हणून तर या दिवसांत काठीला मेणबत्ती बांधून पुढे धरल्याशिवाय तळघरात कोणी पाऊल टाकत नसे. आणि मामांनी दार लावून घेऊन झरोकाही बुजवला होता!

"ओढा!" ती ओरडली.

तिघांनी जोर लावून गोणपाट उपसलं. आतून काहीच आवाज आला नाही. आणि मग... खर्रर्रर्र... फूऽऽ!

"जिवंत आहेत!" देजोनं उडी मारली.

तिघं उतारावरून धावत दाराशी आली. इबोयानं दार सताड उघडलं, कोनाड्यातली लांब काठी घेतली आणि मेणबत्ती पेटवून पायऱ्यांवर खाली धरली. दुसऱ्या पायरीशी ज्योत फट्‌कन विझली. तिनं ती पुन्हा पेटवली आणि या वेळी उंच धरून आत सरकवली. मामा झोपले होते त्या फळ्यांपर्यंत ती नीट जळत राहिली.

"मामा वरच्या चांगल्या हवेत आहेत," इबोया कुजबुजली.

"मग मी पळत जाऊन उठवतो!" देजो म्हणाला.

"वेडा आहेस? वायू मोठ्यांच्या छातीपर्यंत आला, की आपलं नाकतोंड त्यात बुडतं. पळ, आजोबांना बोलाव! दोर आणायला सांग!"

देजो वाऱ्यासारखा सुटला. कातीनं "बाबा" म्हणायला तोंड उघडलं, तोच इबोयानं त्यावर हात दाबला.

"हाक मारू नकोस, काती! ते जागे झाले तर खाली उतरतील. सरळ वायूत!"

कातीचे डोळे भीतीनं विस्फारले. आत घोरणं अचानक थांबलं. एक... दोन... तीन... चार... कातीची नखं इबोयाच्या दंडात रुतली. पाच... सहा... खर्रर्र! दोघींनी श्वास सोडला.

आणि नेमक्या त्याच वेळी रेगिनामामी तरातरा येताना दिसली! एका हातात छत्री, दुसऱ्या हातात पातेल्याचं झाकण.

"द्राक्षांच्या पिळणीवर माणसं खोळंबलीत आणि हा झोपाळू अजून लोळतोय!" तिनं झाकण छत्रीच्या दांड्यानं बडवायला हात उचलला.

इबोयानं झेप घेऊन झाकण हिसकावलं. कातीनं आईच्या कमरेला मिठी मारली.

"काय गं हा आगाऊपणा?"

"मामी, हळू बोला! हे बघा!" इबोयानं मेणबत्ती पायरीवर धरली. ज्योत विझली. मग तिनं वर झरोक्याकडे आणि त्यातून उपसलेल्या गोणपाटाकडे बोट दाखवलं.

मामीचा चेहरा चुन्यासारखा पांढरा पडला. "देवा! तळघरात मीच पाठवलं त्याला..."

"तुमची छत्री द्या. आजोबा विहिरीतली वाईट हवा छत्रीनंच उपसतात."

मामीनं स्वतःच छत्री उघडली, कोनाड्यातल्या सुतळीनं उलटी टांगली आणि बादलीसारखी पायऱ्यांखाली सोडून वर खेचू लागली. खाली, वर, खाली, वर! काती झाकणानं वारा घालत होती. इबोया पुनःपुन्हा मेणबत्ती खाली धरून पाहत होती. ती दुसऱ्या पायरीवर जळली. तिसऱ्या पायरीवर विझली.

घोरणं परत थांबलं. फळ्या करकरल्या. मामांनी कूस बदलली होती. एक पाय खाली लोंबकळला!

वीस वर्षं त्या आवाजाला शिव्या घालणारी मामी डोळे मिटून पुटपुटली, "घोर रे बाबा, घोर! हवं तेवढं घोर!"

सात... आठ... नऊ... दहा...

खर्रर्रर्र... फूऽऽ!

पाय वर गेला.

आजोबा दोन गड्यांना घेऊन धापा टाकत पोचले, तेव्हा मेणबत्ती थेट जमिनीवर जळत होती. तरीही त्यांनी कमरेला दोर बांधला, दुसरं टोक गड्यांच्या हातात दिलं आणि मगच आत गेले. थोड्याच वेळात मामांना दंडाला धरून त्यांनी उजेडात आणलं.

मामांनी डोळे चोळत सगळ्यांकडे पाहिलं आणि ते चिडलेच. "झालं! इतक्या लोकांना ऐकू गेलं? झरोका बुजवला होता मी!"

कोणीच हसलं नाही. मामीनं त्यांची कॉलर धरली. "आजपासून घरात झोपायचं! पाहुणे जाईनात का गाढवांच्या गोठ्यात!" आणि त्यांच्या छातीवर डोकं टेकवून ती हुंदके देऊ लागली. काती केव्हाच त्यांच्या गळ्यात पडली होती.

इबोया मटकन पायरीवर बसली. आजोबा शेजारी येऊन टेकले.

"आजोबा, मी आत गेलेच नाही," ती रडवेल्या आवाजात म्हणाली. "मी इतकी घाबरले होते..."

आजोबांनी तिचा काजळी लागलेला हात आपल्या हातात घेतला. "आपलं माणूस आत आहे म्हणून धावत गेले आणि परत आले नाहीत, असे तीन जण माझ्या डोळ्यांदेखत गेले, पोरी. सगळे माझ्यापेक्षा धीट होते. दारात थांबून डोकं चालवणारं माणूस आज मी पहिल्यांदा पाहिलं."